एकर, गुंठे आणि एक बिंदू

महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याला मोठे स्थान आहे. प्रिंगल यांनी ठरवलेला सारा शेतकऱ्यांना पेलेनासा झाला, तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड यांनी येथेच फेरआकारणीला हात घातला. विंगेट त्यांना येऊन मिळाले. १८३६ साली तीस वर्षांसाठी ठरलेले इंदापूरचे दर पुढे मुंबई इलाख्याला नमुना झाले. ब्रिटिश काळातील मोजण्यांमधून एकर-गुंठ्यांचा हिशोब गावोगाव रुजला. ३३ फूट लांब-रुंद चौरस म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर.

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात बोलताना आजही गुंठाच येतो. एक एकर तीस गुंठे हे क्षेत्र आपण १.३० असे लिहितो. हा बिंदू दशांश चिन्ह नव्हे. तो फक्त एकर आणि गुंठे वेगळे दाखवतो. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर असतात. १०० आरांचा एक हेक्टर, म्हणून तेथील १.३० मात्र खरोखर दशांश आहे.

अशी क्षेत्रे संगणकात भरताना काय होते, ते पाहू. राशीचा प्रकार ठरवण्याची गरज संगणकभाषांना पूर्वीपासून आहे. १९५७ च्या फोरट्रानमध्ये नावाच्या पहिल्या अक्षरावरून पूर्णांक ओळखत. १९९५ साली आलेल्या जावात प्रत्येक चलाचा प्रकार ठरलेला असतो. पण वेबपानाच्या चौकटीत भरलेला मजकूर नुसती अक्षरे म्हणूनच पोचतो. २००४ सालच्या जावासर्व्हर फेसेसमध्ये त्यांचे संख्येत रूपांतर ‘कन्व्हर्टर’ करतो. कोणी ‘दीड एकर’ लिहिले, तर तो अडतो आणि चूक दाखवतो. तेव्हा तीन गोष्टी तपासाव्यात : चौकट कोणती, अपेक्षित प्रकार कोणता आणि प्रत्यक्षात आले काय?

१.३० लिहिले तर मात्र यंत्र तक्रार करत नाही. असे दोन तुकडे मिळवले की उत्तर येते २.६० एकर, म्हणजे दोन एकर चोवीस गुंठे. खरी बेरीज आहे तीन एकर वीस गुंठे. छत्तीस गुंठे जमीन हिशोबातून नाहीशी झाली, तरी चुकीचा संदेश नाही! प्रकार जुळला, अर्थ जुळला नाही.

उपाय सोपा आहे. सगळ्याचे गुंठे करावेत : ७० अधिक ७० बरोबर १४०; ४० ने भागल्यावर ३, बाकी २०. एकर व गुंठे यांना स्वतंत्र चौकटी द्याव्यात आणि गुंठ्यांच्या चौकटीत ३९ हून मोठा आकडा अडवावा.

वर्गात हाच प्रयोग तास-मिनिटांवर करून पाहावा, असे आम्ही सुचवतो. १.३० तासाची दुप्पट किती, एवढेच विद्यार्थ्यांना विचारावे.