शालेय ग्रंथालयातील प्रदर्शने व वाचनप्रसार (पालघर व बोईसर-तारापूर परिसर)

शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके विद्यार्थ्यांच्या नजरेस पडावीत, हाताळली जावीत आणि घरी नेऊन वाचली जावीत, यासाठी केलेली पुस्तकांची मांडणी, प्रासंगिक प्रदर्शने, कथाकथन, प्रकट वाचन, पुस्तक-परिचय आणि तत्सम उपक्रम यांना एकत्रितपणे शालेय ग्रंथालयातील वाचनप्रसार म्हणतात. एस. आर. रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयी आहे आणि या सर्व उपक्रमांचा तात्त्विक आधार तेथेच सापडतो. वाचक पुस्तक मागेल तेव्हा ते देणे हे ग्रंथालयाचे अर्धेच काम असून, ज्या पुस्तकाचे अस्तित्वच वाचकाला ठाऊक नाही ते त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे उरलेले अर्धे काम आहे. बालकांचा निःशुल्क व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि कथापुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके देणारे ग्रंथालय असले पाहिजे. अनेक शाळांत ही पुस्तके लोखंडी कपाटात कुलूपबंद राहतात, कारण हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी शिक्षकावर येईल अशी धास्ती असते. वाचनप्रसाराचा आरंभ म्हणूनच सजावटीपासून न होता कपाट उघडण्यापासून होतो.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या त्याच्या आठ तालुक्यांत किनाऱ्यावरील मच्छीमार व बागायतदार, डोंगरपट्ट्यातील वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी आदी आदिवासी समाज आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे अशी संमिश्र वस्ती आहे. तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या वसाहतीतील मुलांसाठी परमाणु ऊर्जा शिक्षण संस्थेच्या शाळा आहेत, तर परिसरातील गावांत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आणि डोंगराकडे आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. थोड्या अंतरात इतक्या भिन्न शाळा असल्याने एकाच नमुन्याचे प्रदर्शन सर्वत्र लागू पडत नाही. बोईसरच्या वर्गात घरी हिंदी, भोजपुरी, उडिया किंवा गुजराती बोलणारी मुले मराठी वाचायला शिकत असतात. त्यांच्यासाठी एकच गोष्ट दोन भाषांत शेजारी शेजारी मांडलेली असणे हे कोणत्याही रंगीत फलकाहून अधिक उपयोगी ठरते. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त संग्रहातून अशा बहुभाषी गोष्टी विनामूल्य उतरवून छापता येतात.

या जिल्ह्यातील शालेय उपक्रमांची परंपरा ग्रंथालयशास्त्रापेक्षा बालशिक्षणाच्या चळवळीतून अधिक आलेली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर हलवले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून तेथे कुरणशाळा काढण्यात आली, म्हणजे मुले जेथे गुरे चारीत तेथेच शिक्षिका जाऊन शिकवू लागल्या. तसेच विकतच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून शैक्षणिक साहित्य तयार करण्यात आले. वाचनप्रसाराच्या दृष्टीने या प्रयोगांतून दोन गोष्टी हाती लागतात: मूल पुस्तकापर्यंत येत नसेल तर पुस्तकाने मुलापर्यंत जायचे, आणि मांडणीसाठी लागणारे साहित्य गावातूनच उभे करायचे. आज पाड्यापाड्यांवर फिरवली जाणारी पुस्तकपेटी, म्हणजे तीस-चाळीस निवडक पुस्तकांची ठरावीक काळाने बदलली जाणारी पेटी, ही कुरणशाळेच्याच विचाराशी नाते सांगते.

वाडा तालुक्यातील सोनाळे येथून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेचा ‘गोष्टरंग’ हा उपक्रम या क्षेत्रातील अलीकडचा आणि विशेष अभ्यासण्याजोगा प्रयत्न आहे. शिक्षणतज्ज्ञ नीलेश निमकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने तरुण रंगकर्मींना हाताशी धरून बालसाहित्यातील गोष्टींचे छोटे नाट्यप्रयोग बसवले आणि ते आश्रमशाळांमध्ये नेले. घरी छापील मजकूर क्वचितच असलेल्या मुलासमोर गोष्ट प्रथम आवाज, हालचाल आणि संगीत यांच्या रूपाने येते. पुढे तीच गोष्ट पुस्तकात भेटली की पात्रे आणि प्रसंग ओळखीचे असल्यामुळे अक्षरांशी झटण्याचे बळ मिळते. नाट्यप्रयोग हे पुस्तकाचे सर्वांत प्रभावी प्रदर्शन ठरू शकते असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे, मात्र प्रयोगानंतर ते पुस्तक त्याच दिवशी मुलांच्या हाती उपलब्ध असले पाहिजे; अन्यथा जे उरते ते करमणुकीपलीकडे जात नाही. जेथे रंगकर्मी नाहीत तेथे शिक्षकाचे प्रकट वाचन हाच मार्ग आहे. प्रकट वाचन म्हणजे पुस्तक मुलांकडे धरून, चित्रे दाखवत, थांबत थांबत आणि पुढे काय होईल असे विचारत केलेले मोठ्याने वाचन. गोष्ट उत्कंठेच्या जागी थांबवून पुस्तक फळीवर ठेवून दिले, तर ते नेण्यासाठी मुले आपणहून पुढे येतात.

मांडणीच्या तंत्रात पहिले स्थान दर्शनी मांडणीचे आहे, म्हणजे पुस्तकाचा कणा बाहेर न ठेवता मुखपृष्ठ समोर ठेवणे. लहान मुलांची चित्रपुस्तके इतकी पातळ असतात की त्यांच्या कण्यावर नाव मावत नाही, आणि नुकते वाचू लागलेले मूल पुस्तक नावापेक्षा चित्रावरून ओळखते. म्हणून कपाटात दाटीने उभी केलेली शंभर पुस्तके त्याच्या लेखी नसल्यासारखीच असतात. खिळ्यांना बांधलेल्या सुतळीवर पुस्तके अडकवणे, बांबूच्या पट्ट्यांची उतरती फळी करणे किंवा कापडाच्या कप्प्यांचा पडदा व्हरांड्यात टांगणे हे उपाय अत्यल्प खर्चात होतात. किनाऱ्यावरील दमट हवा आणि पावसाळ्यातील ओल यांमुळे बंद कपाटातील पुस्तकांना बुरशी व कसर लागते, तेव्हा उघडी आणि हाताळली जाणारी मांडणी पुस्तकांच्या आयुष्याच्या दृष्टीनेही हिताची आहे. मांडलेली पुस्तके दर पंधरवड्याला बदलावी लागतात, कारण महिनोन्‌महिने तसाच राहिलेला फलक मुलांना दिसेनासा होतो.

सजावटीसाठी वारली चित्रशैलीचा उपयोग जिल्ह्यातील शाळांत सर्रास होतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटली जाणारी ही कला गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांच्यामुळे जगभर पोहोचली. लग्नप्रसंगी काढला जाणारा पालघाट देवीचा चौक हा वारली समाजाचा धार्मिक विधी असल्याने त्याचा वापर फलकाची नक्षी म्हणून करणे योग्य नाही. शेती, मासेमारी, तारपा नाच, बाजार यांसारख्या रोजच्या जीवनातील दृश्यांना तसा अडसर नाही. याहून अर्थपूर्ण उपयोग म्हणजे वाचलेली गोष्ट मुलांनी स्वतः या शैलीत भिंतीवर काढणे आणि चित्राखाली पुस्तकाचे नाव लिहिणे. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या वारली, मांगेली किंवा वाडवळी बोलीतील गोष्टी मुलांनी लिहून, चित्रे काढून, शिवून तयार केलेली हस्तलिखित पुस्तके छापील पुस्तकांच्याच फळीवर मांडावीत; आपल्या घरची बोली पुस्तकात मावते हे कळलेले मूल इतर पुस्तकांकडे अधिक धीटपणे वळते.

प्रासंगिक प्रदर्शनांना दिनविशेषांचा आधार मिळतो. १२ ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह आणि २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन शाळांतून साजरा होतो. स्थानिक विषयांकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतला. या घटनांवरील पुस्तके, कात्रणे आणि गावातील वृद्धांच्या आठवणी एकत्र मांडल्यास इतिहासाचे दालन जिवंत होते. तारापूरच्या शाळांना २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी अणू, वीज आणि किरणोत्सार यांवरील सोप्या पुस्तकांचे प्रदर्शन भरवता येते, कारण ज्या प्रकल्पाच्या सावलीत मूल वाढते त्याविषयी त्याला प्रश्न असतातच. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे (आरंभ १९७१) जुने अंक हे अशा प्रत्येक विषयासाठी हाताशी असलेले स्वस्त आणि विपुल साहित्य आहे.

उपक्रमाचे यश छायाचित्रांवरून किंवा प्रमुख पाहुण्यांच्या उपस्थितीवरून मोजण्याची प्रथा दोषास्पद आहे. प्रदर्शनापूर्वीच्या आणि नंतरच्या महिन्यातील देवघेव नोंदवही, म्हणजे कोणते पुस्तक कोणी नेले व कधी परत केले याची वही, हाच विश्वासार्ह पुरावा होय. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ग्रंथपालाचे स्वतंत्र पद नसल्याने ही वही पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांच्या ग्रंथालय समितीकडे सोपवणे सोयीचे ठरते, आणि ती जबाबदारी मुले चोख पार पाडतात. दिवाळीनंतर डोंगरपट्ट्यातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व इतर मजुरीसाठी स्थलांतर करतात. त्यांच्या मुलांना जाताना तीन-चार पुस्तके बरोबर द्यावीत, जूनमध्ये ती परत येतील असा विश्वास ठेवावा आणि जी येणार नाहीत त्यांची किंमत ग्रंथालयाच्या वार्षिक खर्चातच धरावी.