वाघिणीतले नऊ जण

ओलेन मॉन्टगोमेरीला एका डोळ्याने दिसतच नव्हते, दुसऱ्याने अगदी अंधुक. विली रॉबरसन गुप्तरोगाने इतका पोखरला होता, की काठीशिवाय चालणे कठीण. २५ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, पेंट रॉक स्टेशनात, बंदुका घेतलेल्या गोऱ्यांनी मालगाडी अडवली आणि वेगवेगळ्या वाघिणींतून नऊ काळी पोरे खाली खेचली. त्यांत हे दोघेही होते.

मूळ तक्रार होती गाडीतल्या मारामारीची. पण गाडीत दोन गोऱ्या तरुणी सापडल्या आणि बलात्काराचा आरोप झाला. पकडलेल्यांपैकी चौघे चॅटनूगाचे, एकमेकांच्या ओळखीचे. बाकीचे कुठून कुठून आलेले. ही टोळी आहे, हे जमावाने बघताक्षणी ठरवून टाकले. रात्री, त्यांना ठेवले त्या स्कॉट्सबरो गावच्या तुरुंगाबाहेर इतकी गर्दी लोटली, की पोरांच्या जिवासाठी सैनिक बोलवावे लागले. १२ दिवसांत खटला उभा राहिला. ज्युरीत सगळे गोरे. चार दिवसांत आठ जणांना मृत्युदंड! नववा रॉय राइट जेमतेम १२-१३ वर्षांचा. त्याच्याबाबत ज्युरीचे एकमत झाले नाही.

एवढी घाई आली कुठून? काळा पुरुष कसा असतो, हे त्या ज्युरीला खटल्याआधीच ‘ठाऊक’ होते. १८३०च्या सुमारास टॉमस राइस हा गोरा नट तोंड काळे करून ‘जिम क्रो’ नावाचे सोंग नाचवू लागला. त्या तमाशांनी काळ्या माणसाला विदूषक केले. गुलामगिरी गेली, काळ्यांना मताचा हक्क मिळाला, तसा त्या विदूषकाचा राक्षस झाला. १९१५च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ चित्रपटात काळा रंग फासलेला गोरा नट एका गोऱ्या मुलीमागे लागतो आणि ती कड्यावरून उडी घेते. हा चित्रपट व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. त्याच वर्षी अटलांटाजवळ कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना पुन्हा उभी राहिली.

१९३३ मध्ये खटला पुन्हा चालला, तेव्हा गाडीतल्या त्या दोन तरुणींपैकी रूबी बेट्सने कोर्टात येऊन सांगितले, की बलात्कार झालाच नव्हता. तरीही ज्युरीने नवांपैकी हेवुड पॅटरसनला दोषी ठरवले. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी मात्र वैद्यकीय पुरावा नीट तपासला आणि तो निकाल रद्द केला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना घरी बसवले. त्या दिवसांत, त्या गावांत असे धैर्य दाखवणाऱ्या माणसाचे नाव विसरता कामा नये.

मॉन्टगोमेरी आणि रॉबरसन निर्दोष आहेत, अशी आपली खात्री पटल्याचे सरकारी पक्षाने १९३७ मध्ये सांगितले. एकाचे डोळे आणि दुसऱ्याची काठी दिसायला त्यांना सहा वर्षे लागली. नवांपैकीच क्लॅरन्स नॉरिसला माफी मिळाली १९७६ मध्ये. कागदोपत्री दोषीच राहिलेल्या तिघांसाठी अलाबामाला २०१३ मध्ये मरणोत्तर माफीचा कायदाच नव्याने करावा लागला. तोवर नवांपैकी कुणीही हयात नव्हते.