नाताळची करंजी

दिवाळीत शेजारघरून आमच्याकडे करंज्या येतात. नाताळात आमच्याकडून त्यांच्याकडे जातात. करंजी इथलीच, 'नाताळ' हा शब्द मात्र पोर्तुगीजांचा. १५३४ साली वसई त्यांच्या हाती गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य गेले, सण राहिला, शब्दही राहिला.

आजीच्या लहानपणी मध्यरात्रीची मिस्सा लॅटिनमध्ये होई. तिला त्यातले अक्षर कळत नसे. पण लाल लुगडे नेसून ती घरी परतली, की आशीर्वाद, थट्टा, रुसवेफुगवे सारे आपल्या सामवेदी बोलीत चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) चर्चमध्ये मराठी आली आणि प्रार्थनेचा शब्दन् शब्द समजू लागला.

आता गंमत पाहा. चर्चमध्ये मराठी आली, तर घरातून बोली निघाली! मुलगी 'ख्रिसमस' म्हणते, केक विकत आणते. त्याचे मला दुःख नाही. सणाने परके शब्द पूर्वीही पचवले आहेत. पण गेल्या नाताळात आजी तिच्याशी बोलली, ते मला मराठीत समजावून सांगावे लागले.

यंदा मुरड घालायला मी लेकीला आजीशेजारी बसवणार आहे. मध्ये बोलणार नाही.