पवनेतलं गाव

मावळात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न नावाचा नसतो, गावाचा असतो. 'गाव कंचं तुमचं?' गाव कळलं की पाहुणेरावळे कळतात, नदी कळते, भात कुठला पिकतो तेही कळतं. आमच्या वडिलांचे जुने दोस्त तात्या या प्रश्नाला एकच उत्तर द्यायचे, 'पवनेतलं.' पवनेकाठचं नव्हे, पवनेतलं. लहानपणी मला ती त्यांची बोलायची लकब वाटायची.

वडील आणि तात्या पिंपरीच्या कारखान्यात एका पाळीत होते. सणावाराला आमचं येणंजाणं. पण तात्यांच्या गावाला आम्ही कधीच गेलो नव्हतो, कारण जायला गावच नव्हतं. एका मे महिन्यात मात्र त्यांचा निरोप आला, 'पाणी लई खाली गेलंय. येतो का? दाखवतो तुला.'

लोकलनं लोणावळा गाठलं आणि तिथून जीपनं दुधिवरे खिंडीतून खाली उतरलो. लोहगड मागं पडला. समोर तिकोना आणि तुंग, मधे आटत चाललेलं पवनेचं पाणी.

आजच्या मावळ तालुक्याचे तीन भाग लोक अजून तोंडानं सांगतात : आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ. इतिहासात पवन मावळचं नाव येतं ते गडांमुळं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना गेले, त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. १६७० मध्ये लोहगड परत आला. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. गड असे हातोहात फिरले, पण खालची भातखाचरं कसणाऱ्याकडंच राहिली. राब भाजायचा, रोप टाकायचं, आवणी करायची, हे राजवट बदलली म्हणून थांबलं नाही.

ते थांबलं धरणांनी. १९११ च्या सुमारास टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात धरणांची कामं सुरू केली. वळवण, शिरवता इथलं पाणी घाटाखाली सोडून १९१५ पासून खोपोलीला वीज निघू लागली. ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. तरी धरण झालंच.

पवनेचं धरण स्वतंत्र देशाच्या सरकारनं बांधलं. पिंपरी-चिंचवडला कारखाने वाढत होते, वस्ती वाढत होती. १९७० मध्ये तिथं नगरपालिका झाली. १९७२ मध्ये धरण पुरं झालं. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला तो १९७६ चा. म्हणजे पाणी आधी आलं, कायदा मागून. पवनेचे बाधित खातेदार १२०३. त्यांतल्या ८६३ जणांच्या जमिनीचा प्रश्न पुढं पन्नास वर्षं लोंबकळत राहिला. तात्यांचे वडील त्यांतले एक. ते अर्ज करता करता गेले, मग तात्या करू लागले.

भेगाळलेल्या गाळातून आम्ही वाघेश्वराच्या देवळापर्यंत चालत गेलो. हे जुनं हेमाडपंती देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात बाहेर येतं. तात्यांनी चपला काढल्या, हात जोडले. मग देवळाकडं पाठ करून पावलं मोजत निघाले. मधेच थांबायचे, तिकोन्याकडं बघायचे, पुन्हा मोजायचे. एका दगडी जोत्यापाशी थांबले.

'ह्ये आमचं घर. हितं उखळ व्हतं. आणि त्यो बांध दिसतुय का, त्याच्या खाली आमची दोन खाचरं. आंबेमोहोर लावायचो. फुलोऱ्यात आला की शिवारभर वास सुटायचा.'

मी विचारलं, 'तात्या, राग येत नाही का?'

'कुणाचा करू? मीच त्या पाण्यावर नोकरी केली. तू त्येच पाणी पिऊन मोठा झाला.' जरा थांबून म्हणाले, 'पाणी द्यायला ना न्हाय रं. पर दिल्याची नोंद तरी ठेवा.'

धरणातून सोडलेलं पाणी नदीनं वाहत रावेतला येतं आणि तिथून शहरासाठी उचललं जातं. वाटेत काठच्या शेतांनाही ते मिळतं. हेच पाणी बंद नळानं थेट शहराला न्यायचं ठरलं, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. त्यांत एक बाई होती. बाहेरच्यांना ते एका नळाचं भांडण वाटलं. तात्यांच्या पिढीला त्यामागं १९७२ दिसत होतं.

त्या दिवशी मी वहीत फक्त चार खुणा टिपल्या होत्या. पुढच्या दोन्ही मे महिन्यांत तात्यांनी आणखी दोन म्हातारे सोबत आणले. कुणाचं घर कुठं, विहीर कुठं, पाणंद कुठून जायची, यावरून तिघांची चांगलीच जुंपायची. पण दर वर्षी गाळाचा थर चढतो, जोती बुजत जातात. तिसऱ्या खेपेला तात्यांच्या घराचा एकच कोपरा वर राहिला होता. वहीत मात्र आता एकोणीस घरं आहेत, पावलांच्या हिशेबासकट. तिची झेरॉक्स तात्यांनी आपल्या अर्जाला जोडली. साहेबानं ती पुरावा म्हणून धरली नाही, पण परतही केली नाही.

तुमच्या ओळखीत असं बुडीत गावाचं कुणी असेल, तर येत्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर जाऊन या. वही न्या. त्यांची पावलं मोजायची राहिली, तर नंतर ती मोजणारं कुणी नाही.