धावण्याची मजुरी

मॅरेथॉनमध्ये पहिल्या आलेल्याला जे पैसे मिळतात त्याला आपण 'बक्षीस' म्हणतो. बक्षीस म्हणजे कोणीतरी खूश होऊन दिलेली गोष्ट. मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर भांडणार कोणाशी? मला वाटतं इथेच सगळा घोळ आहे. ज्याचं पोट धावण्यावर आहे त्याची ती मजुरी आहे. आणि ती मजुरी उघडपणे घेता यावी म्हणून धावपटूंना चक्क नियम मोडावे लागले.

सुरुवात आपल्या पुण्यापासून करू. १९१९ च्या सुमाराला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावायची. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. पोरांचा वेग बघून त्यांनी यांना ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं आणि पदरचे पैसेही घातले. १९२० साली अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉन धावले. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. तेही ४२.७५ किलोमीटरच्या रस्त्यावर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच.

पण टाटांसारखा माणूस पाठीशी नसता तर? धावून पैसे मिळवणं तेव्हा गुन्हाच होता. ऑलिंपिक फक्त 'हौशी' खेळाडूंसाठी. आपल्याकडे म्हणतात ना, हौसेला मोल नाही. इथे तो नियमच होता! घरचं खाऊन धावणं कोणाला परवडतं? ज्याच्या घरात आधीच आहे त्याला. फिनलंडच्या पाव्हो नुर्मीकडे ऑलिंपिकची ९ सुवर्णपदकं होती. पण शर्यतींना जाताना प्रवासखर्चाचे पैसे जास्त घेतले म्हणून १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला त्याला धावू दिलं नाही.

पुढे मोठमोठ्या शर्यतींत नामवंतांना टेबलाखालून पैसे मिळू लागले. म्हणजे नियम कागदावर आणि पाकीट खिशात. शेवटी धावपटूच वैतागले आणि त्यांनी संघटना काढली. २८ जून १९८१ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये १५ किलोमीटरच्या शर्यतीत उघड बक्षिसं लागली. पुरुषांत ग्रेग मायर, महिलांत न्यूझीलंडची अ‍ॅन ऑडेन पहिली. दोघांनाही सारखेच, प्रत्येकी १० हजार डॉलर. ऑडेनवर तिच्या देशाच्या संघटनेने बंदी घातली, ती पुढे उठवावी लागली. १९८६ मध्ये बॉस्टन मॅरेथॉननेही रोख बक्षिसं सुरू केली.

आपल्याकडे मात्र वेगळी वाट पडली. इथे धावण्याचा मोबदला म्हणजे नोकरी. आमच्या जालन्याच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. आधी बारावी करून सैन्यात गेला, मग धावपटू झाला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्य, सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदाने. खुद्द जालन्यात भल्या पहाटे रस्त्याकडेला पळणारी पोरं बघा. मॅरेथॉन त्यांच्या गावीही नसते, त्यांचं लक्ष पोलीस भरतीच्या १६०० मीटरवर. पोरांचा हिशोब पक्का आहे. बक्षीस एकदाच मिळतं, पगार दर महिन्याला.

ज्यांना अशी नोकरी लागत नाही त्यांना उरते रोड रेस. २००४ ला मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि मोठा पैसा आला. २०२० ला इथिओपियाच्या डेरारा हुरिसाने ती २:०८:०९ मध्ये जिंकली, तीही दुसऱ्याचे बूट घालून! त्याला ४५ हजार डॉलर मिळाले, तेव्हाच्या भावाने ३० लाखांच्या वर. भारतीयांत पहिल्याला ५ लाख. आमच्या दुसऱ्या शेजारची, परभणीची ज्योती गवते २०१७ मध्ये भारतीय महिलांत पहिली आली होती.

या फरकावरून मी गळा काढणार नाही. भारतीयांची वेगळी रक्कम नसती तर त्यांच्या हाती काहीच लागलं नसतं. पण गणित करून बघा. पूर्ण मॅरेथॉन जोर लावून वर्षात दोन-तीनदाच धावता येते. बूट, खुराक, प्रवास, कोच हे सगळं त्यातूनच. एक दुखापत झाली की वर्ष गेलं. सहाव्या-सातव्या आलेल्याचं काय, हा तर आणखी वेगळाच प्रश्न.

आता आपण आयटीवाले. हजारभर रुपये भरतो, टी-शर्ट आणि मेडल घेतो, फोटो टाकतो. मीही त्यातलाच. गर्दी आपली, पण पुढे धावणारे असतात म्हणून त्याला शर्यत म्हणतात. निदान एवढं तरी विचारू या: बक्षिसाची रक्कम आधी छापली आहे का? बाईला आणि पुरुषाला सारखी आहे का? पैसे कोणत्या तारखेपर्यंत खात्यात येणार, ते लिहिलंय का? आपला पगार एक तारखेला नाही आला तर आपण दुपारपर्यंत एचआरला तीन मेल टाकतो. त्यांनी मेल कोणाला टाकायचा?