झाकण उडालेली गुहा

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातली माणसं दक्षिणेकडे सहलीला जाऊन आली की एक प्रश्न हमखास विचारतात. आंध्रात बेलमची गुहा पाहिली, विशाखापट्टणमच्या डोंगरात बोर्रा पाहिली. छतातून दगडाची झुंबरं लोंबतात, खालून दगडाचे खांब उगवतात. गाइड हातातला दिवा फिरवतो आणि दगडात कधी हत्ती दिसतो, कधी महादेवाची पिंड. मग आपल्याकडे अशी गुहा का नाही? अजिंठा शेजारी आहे, वेरूळ आहे. पण त्या लेणी, माणसानं छिन्नी घेऊन कोरलेल्या. पाण्यानं कोरलेली एकही गुहा आपल्या वाट्याला का येऊ नये?

उत्तर दगडात आहे. बेलम, बोर्रा या चुनखडकातल्या गुहा. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडकाला हळूहळू विरघळवत नेतं. फटीची वाट होते, वाटेचं दालन होतं. पुढे तेच चुन्याचं पाणी छतातून थेंबथेंब गळतं, थेंबातला चुना मागे राहतो आणि त्याचे खांब होतात. बेलमची लांबी ३,२२९ मीटर मोजलेली आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञानं १८८४ साली तिची नोंद केली, शंभर वर्षांनी जर्मन मंडळी येऊन आत सरपटत फिरली आणि २००२ पासून ती सर्वांसाठी खुली झाली. युरोपात हा उद्योग फार जुना. आजच्या स्लोव्हेनियातली पोस्टोयना गुहा १८१९ पासून लोकांना दाखवली जाते. १८७२ मध्ये तिच्यात रूळ टाकले, १८८४ मध्ये विजेचे दिवे लागले. फूटसाहेब बेलमला पोचले त्याच वर्षी तिकडे विजेच्या उजेडात गाइड प्रेक्षकांना खांब दाखवत होते.

आपला दगड काळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरला, त्याचा हा बेसॉल्ट. तो झिजतो, फुटतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते. पण चुनखडकासारखा विरघळून आत दालनं करत नाही. महाराष्ट्रात चुनखडक आहे तो चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूला, आणि तिथून तो सिमेंटच्या कारखान्यांत जातो. म्हणजे आपल्या वाट्याला गुहा आली ती पोत्यात भरून, असं म्हणायचं!

तरीही चुना आपल्याला परका नाही. काळ्या मातीत पांढरट खडे सापडतात ना, ते चुन्याचेच. ते भट्टीत भाजून वाडे बांधले गेले, मशिदी-देवळं बांधली गेली, पानाला चुना लागला. हे काम करणारा समाज म्हणजे लोणारी. कोळसा पाडायचा, चुना भाजायचा, मीठ करायचं, ही त्यांची जुनी कामं. लोणारी या शब्दातलं ‘लोण’ म्हणजे लवण, मीठ. आणि शाळेच्या भूगोलात चुनखडकाच्या गुहेतल्या त्या खांबांना काय म्हणतात, आठवतं? लवणस्तंभ. अधोमुखी लवणस्तंभ आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. त्यात मीठ चिमूटभरही नसतं, तो सगळा चुना. कवीच्या कानाला असा शब्द सापडला की तो सोडवत नाही. मराठीनं तिकडच्या चुन्याला लवण म्हटलं, आणि खरं लवण ज्याच्या नावात आहे ते गाव आमच्या जिल्ह्यात बसलेलं आहे: लोणार.

आता गंमत अशी की लोणारची जी सगळ्यात जुनी गोष्ट आहे, ती गुहेचीच आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली, एका बंद विवरात राहत असे. बाहेर येऊन लोकांना छळायचा, पुन्हा आत जाऊन झोपायचा. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आले. लवणासुराच्या दोन बहिणी त्यांच्यावर भाळल्या आणि भावाचा ठावठिकाणा सांगून बसल्या. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं विवराचं झाकण उडवलं आणि झोपलेल्या दैत्याला मारलं. ते विवर म्हणजे आजचं सरोवर. उडालेलं झाकण दूर नैर्ऋत्येला ढाकेफळजवळ पडलं आणि त्याची टेकडी झाली, असं सांगतात. ढाकेफळ या नावात मला तर सरळ ‘ढाकण’ ऐकू येतं. भाषातज्ज्ञ काय म्हणतील ते म्हणोत. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात ही कथा दगडात आहे. चालुक्य शैलीतलं ते देऊळ आहे आणि आत विष्णू दैत्याच्या अंगावर उभे आहेत.

म्हणून मी त्या प्रश्नाला उत्तर देतो, की बाबांनो, आपल्याकडे गुहा आहे, फक्त तिचं झाकण उडालेलं आहे.

लोणारला उतरायचं तर गाइड घ्यावा. काठावर उभं राहून फोटो काढून परतणारे पुष्कळ. पण हे ठिकाण वरून बघण्याचं नाही, खाली उतरण्याचं आहे. काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. आत झाडी आणि मध्ये हिरवट पाण्याचं तळं. काठावर धार नावाचा बारमाही झरा आहे, गोमुखातून पडणारा. खाली झाडीत पडकी देवळं आहेत, कमळजादेवीचं मंदिर आहे आणि सासू-सुनेची विहीर आहे. त्या विहिरीचं पाणी एका बाजूला गोड, दुसऱ्या बाजूला खारं. गोड कोण आणि खारी कोण, हे गाइड ऐकणाऱ्यांचा रंग बघून सांगतो.

आता इथे मला अबुल फज़लची आठवण येते. १५९६ साली वऱ्हाड अकबराच्या राज्यात आलं. त्यानंतर लगेचच्या काळात पूर्ण झालेल्या ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना मेहकरच्या भागातल्या लोणारचा उल्लेख येतो. अबुल फज़ल सांगतो, की ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात. पूर्वजांच्या मुक्तीसाठी जिथे कर्म करतात अशा तीन गया आहेत, त्यांतली ही एक. चारी बाजूंनी उंच डोंगर, मध्ये मोठा तलाव, पाणी खारं. पण काही जागी घेतलं तर गोड. टेकडीवर एक झरा आहे आणि त्याच्या तोंडाशी बैलाची आकृती कोरलेली आहे. आणि मग एकदम हिशेबनिसाच्या नजरेनं तो लिहितो, की इथे काच आणि साबण करण्याचा माल मिळतो, शोराही निघतो आणि त्यावर सरकारला चांगलं उत्पन्न होतं.

चारशे वर्षांपूर्वी अकबराच्या दरबारातला एक फारसी लेखक आमच्या तालुक्याच्या गावाबद्दल लिहितो, श्राद्धाचं महत्त्व त्या-त्या लोकांच्या शब्दांत नोंदवतो आणि साबणाचा भावही विसरत नाही, हे मला फार आवडतं. तो त्या श्रद्धेला नाक मुरडत नाही आणि तिच्यासाठी हिशेबही सोडत नाही. आजचा गाइड जे दाखवतो, तो झरा, ते गोमुख, ते गोड-खारं पाणी, ते सगळं त्या यादीत आहे. म्हणजे ही गाइडची वाट निदान चारशे वर्षं जुनी आहे.

पण त्या यादीतली एक गोष्ट आजच्या फेरीतून गळाली आहे, ती म्हणजे खार. उन्हाळ्यात तळं आटत जायचं, काठाशी पांढरा थर चढायचा आणि माणसं पाण्या-चिखलात उतरून तो गोळा करायची. त्याचे प्रकार होते आणि प्रत्येकाला नाव होतं: डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कोणता साबणाला, कोणता बांगड्यांच्या काचेला, कोणता कपडे धुवायला, हे करणाऱ्याला नजरेनं कळायचं. आमच्या मोहल्ल्यात उन्हाळ्यात अंगणाअंगणात शेवया आणि पापड व्हायचे, तेव्हा म्हाताऱ्या बायका पापडखाराला नुसतं ‘लोणार’ म्हणायच्या. दुकानात जाऊन ‘चार आण्याचं लोणार दे’ म्हटलं की दुकानदाराला बरोबर कळे.

पुढे कारखान्यातला सोडा आला. काठेवाडच्या किनाऱ्यावर मिठापूरला १९३९ मध्ये टाटा केमिकल्स सुरू झाली. त्या पद्धतीत सोडा करायला दोनच मुख्य वस्तू लागतात, समुद्राचं मीठ आणि चुनखडक. बारा महिने, एका जातीचा, पोत्यावर पोतं माल निघत असताना उन्हाळ्यापुरता, चिखलातून वेचलेला खार टिकणं अवघडच होतं. शेवटी चुनखडकानं लवणाला हरवलं असं म्हणायला हरकत नाही. खार वेचणाऱ्यांची नावं मात्र कुठेच नाहीत. लवणासुराच्या बहिणींचा कथेत निदान उल्लेख तरी आहे. या माणसांचा तेवढाही नाही.

साहेब लोक आले ते १८२३ साली. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं सरोवराची नोंद केली आणि मग दीडशे वर्षं एकच वाद चालला: हा खड्डा झाला कसा? भोवती सगळा लाव्हा, तेव्हा ज्वालामुखीचं तोंड असणार, हा पहिला आणि साधा अंदाज. आत वाफ कोंडून स्फोट झाला असेल, पोकळीवरची जमीन खचली असेल, असंही सुचवलं गेलं. खचलेली पोकळी म्हणजे पुन्हा गुहाच! अमेरिकेतले गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या अशाच खड्ड्याबद्दल लिहिताना लोणारचं नाव घेतलं होतं. उल्कापाताचा विचार जोर धरायला मात्र १९६४ उजाडलं. त्यानंतर तळ्याच्या तळात खोल छिद्रं घेतली गेली आणि १९७३ मध्ये स्मिथसोनियनचे फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पुरावा मांडला.

तो पुरावा म्हणजे मास्केलिनाइट नावाची काच. दगडातलं एक खनिज भयंकर धक्क्यानं, वितळायलाही वेळ न मिळता, जागच्या जागी काच होऊन जातं. ज्वालामुखीला एवढा धक्का देता येत नाही. ही काच पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत. शेरघाटी कुठे, तर गया जिल्ह्यात. एक गया तिकडची आणि एक विष्णुगया इकडची. दोन्हीकडे आकाशातून पडलेल्या दगडाची तीच खूण सापडावी, हा निव्वळ योगायोग आहे. पण अबुल फज़लनं तोही टिपून ठेवला असता.

गाइड लोकांबद्दल मला आदर आहे. उन्हात दिवसातून दोनदा तो उतार उतरणं-चढणं सोपं नाही. तरी त्यांच्या दोन-तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. काही जण खिशातून लोहचुंबक काढून मातीत फिरवतात, काळे कण चिकटतात आणि ते ‘उल्केचं लोखंड’ म्हणून दाखवतात. ते कण बेसॉल्टमधल्याच एका खनिजाचे असू शकतात; आपल्या शेतातल्या काळ्या मातीत चुंबक फिरवलं तरी चिकटतील. दुसरं, बेसॉल्टमधलं ‘जगातलं एकमेव’ उल्काविवर ही पदवी आता सोडायला हवी. ब्राझीलमध्ये बेसॉल्टमध्येच झालेली अशी विवरं आहेत. मात्र ती फार झिजलेली. लोणारसारखं ठसठशीत राहिलेलं दुसरं नाही, आणि हा मान काही लहान नाही. तिसरं वयाचं. बावन्न हजार वर्षं हा आकडा १९९७ मधल्या अभ्यासाचा आहे. २०११ मध्ये वेगळ्या पद्धतीनं मोजलं तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. एका आकड्यात माणूस भोवती असण्याची शक्यता भरपूर आहे, दुसऱ्यात वस्तीचं चित्रच बदलतं. झाकण उडताना कुणी पाहिलं का, हा प्रश्न या दोन आकड्यांमध्ये अडकलेला आहे.

आणि झाकणाचं म्हणाल, तर ते खरोखरच उडालं होतं. धडकेनं फेकला गेलेला दगडमातीचा थर काठाच्या बाहेर किलोमीटरभराहून जास्त पसरलेला आहे. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच दिसतो तो काही अंशी याच मालामुळे. लोणारच्या आसपास फिरताना आपण त्या झाकणाच्या तुकड्यांवरूनच चालत असतो. ढाकेफळपर्यंत जायची गरज नाही.

जून २०२० मध्ये टाळेबंदीत तळं अचानक गुलाबी झालं आणि सगळ्या देशाचं लक्ष इकडे वळलं. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात खाऱ्या पाण्यातले सूक्ष्म जीव माजले, त्यांचा तो रंग होता. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तसं तपासून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर यादीत जागा मिळाली. अभयारण्य ते २००० पासूनच आहे, त्यामुळे आता तिथला खार कुणी उचलू शकत नाही, आणि तेच बरोबर आहे. पण खाली उतरून पाण्याच्या कडेला पोचलात आणि पायाखाली पांढरा थर कुरकुरला, तर गाइडला जरूर विचारा: ही भुसकी की पापडी? काठावरच्या गावात एखादा म्हातारा अजून सांगू शकेल. तो सांगेपर्यंत उतार चढायची घाई करू नका. दुपारी तीननंतर सावली पश्चिमेच्या काठावरून खाली सरकते आणि चढ बराच सोपा होतो.