श्रावण 1900, पैनगंगेचा डोह

साल 1900, श्रावण. मेहकरजवळ पैनगंगेच्या काठावर तुमचे पाय पोटरीपर्यंत काळ्या चिखलात रुतलेत. मुलूख म्हणायला निजामाचा, कारभार 1853 पासून इंग्रजांचा. गावात बारा वर्षांपूर्वी सापडलेली शारंगधर बालाजीची मूर्ती नंतर बघा. आधी पाण्याकडं बघा.

गेल्या साली पावसानं दगा दिला. वऱ्हाडात दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली. हा डोहही आटत आटत कमरेइतका उरला. तापलेल्या, कुजट पाण्यात बाकीचे मासे पोट वर करून तरंगले; मरळ तगली. तिच्या कल्ल्यांच्या वर हवा धरून ठेवणारी पोकळी असते. ती वर येते, तोंडभर हवा घेते, पुन्हा तळ गाठते. तिला वर येऊच दिलं नाही, तर मासा असून बुडून मरते!

लव्हाळ्याजवळ पाणी लालसर दिसतंय? वाकू नका.

"पिलायले हात नोको लावू बापू," शेजारचा भोई म्हणतो, "मायबाप खालीच हायेत."

नर-मादीनं गवत सारून जागा केली, तिथं अंडी तरंगत राहिली, फुटली. आता शेकडो नारिंगी पिलं एकदम वर येतात, पाण्यावर बारीक पाऊस पडल्यासारखी टिपटिप होते, की सगळी गडप. त्यांच्या खाली दोन लांबट सावल्या फिरताहेत. त्यातली एक वळते तेव्हा अंगावरचे पांढरे ठिपके चमकतात. कर्नल सायक्सनं 1839 साली दख्खनच्या माशांवर लिहिताना या ठिपक्यांवरूनच तिचं शास्त्रीय नाव ठेवलं होतं. भोयाला सायक्स ठाऊक असायचं कारण नाही, आणि मरळीबद्दल त्याला सायक्सपेक्षा जास्त कळतं.

तो कमरेच्या फडक्यातून जिवंत बेडकी काढतो, गळाला लावतो. राखणीवरच्या मरळीला भूक लागावी लागत नाही; पिलांजवळ काही फडफडलं की ती तुटून पडते. पिलं मोठी होईस्तोवर थांब, असं म्हणायला तुमचं तोंड उघडतं. त्याच्या बरगड्या दिसतात, आणि मिटतं.

बेडकी घोळक्याच्या कडेला पडते. पाणी फुटतं. दोरी ताणते, हाताला काचते, आणि हातभर मरळ चिखलात आपटते.

दुसरी घोळका सोडत नाही. भोई पुन्हा फडक्यात हात घालतो.